पाण्यात न सुटणारं प्लास्टर

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास नदीवरचा पूल बंद झाला. दोन्ही टोकांना डांबराची रिकामी पिंपं आडवी टाकण्यात आली आणि त्यांच्यामागे बंदुका घेतलेले शिपाई उभे राहिले. कारण कोणी सांगितलं नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत दुसरा निरोप आला: परदेशी माणसांनी आजच गाव सोडावं. गावातल्या आरोग्य केंद्राच्या दोन खोल्यांत वाकड्या पावलांच्या बाळांसाठी शिबिर चालू होतं. ते तिथेच संपलं.

शिबिरातली बाकी सगळी बाळं पुलाच्या अलीकडची होती. पलीकडची एकच. चार महिन्यांची मुलगी, डाव्या पायाला बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर. ते मंगळवारी काढायचं होतं. काढायचं यंत्र पुलाच्या अलीकडे, केंद्राच्या कपाटात होतं.

हे काम तसं सोपं आणि चिकाटीचं आहे. जन्मतःच पाऊल आत वळलेलं असेल, तर ते दर आठवड्याला हाताने थोडं थोडं सरळ करत न्यायचं, तसंच धरून ठेवायचं आणि वर प्लास्टर घालायचं. पाच-सहा खेपांत पाऊल जागेवर येतं. मात्र बाळ वाढत असतं, प्लास्टर वाढत नाही. ते फार दिवस राहिलं तर आतली जागा पुरेनाशी होते, बोटं सुजतात, कातडी सोलवटते. म्हणून आठवडा म्हणजे आठवडा.

नेहमीचं पांढरं प्लास्टर काढायला यंत्र लागत नाही. येण्याच्या आदल्या संध्याकाळी आईने बाळाचा पाय कोमट पाण्यात ठेवायचा, पट्टी मऊ पडली की तिचं टोक शोधायचं आणि उलगडत जायचं. प्रत्येक आईला हे पहिल्याच दिवशी करून दाखवलं जाई. पलीकडच्या त्या मुलीच्या आईने ते एकदाच पाहिलं आणि पुढच्या दोन्ही मंगळवारी बाळाचा पाय स्वच्छ मोकळा करून आणला. ती दर खेपेला एकच हिरवा स्वेटर घालायची. शिबिरात तिला सगळे हिरवा स्वेटरच म्हणत.

तिच्या मुलीच्या पायावर शेवटचं प्लास्टर घातलं ते मात्र पांढरं नव्हतं. ते फायबरचं होतं. हलकं, चिवट, आणि पाण्यात न सुटणारं. ते घालायचा आग्रह धरला होता फिजिओने.

फिजिओथेरपिस्टला शिबिरात सगळे फिजिओ म्हणत. वय पस्तिशीच्या आत-बाहेर. आपल्या शहरातल्या इस्पितळातून बिनपगारी रजा घेऊन ती इथे आली होती, आणि का आलीस असं कोणी विचारलं की ती एका भिंतीची गोष्ट सांगायची.

ती सात वर्षांची असताना त्यांच्या घरी स्वयंपाकाला एक बाई येत. त्या बाईंची मुलगी हिच्याच वयाची. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. एका दुपारी शेजाऱ्यांकडे नवीन कुत्रा आला होता, तो बघायला दोघी कुंपणाच्या भिंतीवर चढल्या आणि दोघीही एकदमच खाली आल्या. एकीचा उजवा हात मोडला, दुसरीचा डावा. बाबांनी आपल्या मुलीला गाडीत घालून इस्पितळात नेलं. भिंगरीच्या आईने भिंगरीचा हात चाचपला, मुका मार आहे म्हणाली आणि फडक्याने गळ्यात बांधला. गाडीत जागा होती. कोणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

फिजिओच्या प्लास्टरवर वर्गातल्या मुलांनी चित्रं काढली. दीड महिन्याने ते दोन शिंपल्यांसारखं कापून काढलं. तोवर भिंगरीचा हात कोपरात वाकडा जुळून बसला होता. तिने ते दोन शिंपले मागून घेतले, आपल्या वाकड्या हातावर बसवले आणि वरून रिबीन बांधून दिवसभर घरभर फिरली. मोठी माणसं हसली. फिजिओ हसली नाही. रात्री जेवताना तिने बाबांना विचारलं, "तिला आपण का नाही नेलं?" बाबा म्हणाले, "जेव आधी." त्या प्रश्नाला एवढंच उत्तर मिळालं.

फायबरच्या पट्ट्यांचे खोके आले त्या आठवड्यात हिरव्या स्वेटरच्या मुलीचं नवं प्लास्टर दुसऱ्याच दिवशी टाचेशी फुटलं आणि ती परत दाखवायला आली होती. वाटेत ओढा लागतो, पाणी उडतं. फिजिओने खोका फोडला तेव्हा शिबिराचे प्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळे सर म्हणत, चहा पीत होते.

"ते राहू दे," सर म्हणाले. "आपलं पांढरं बरं. हाताखाली घडतं, पाण्यात सुटतं."

"सुटतं आणि फुटतंही. हे बघा ना."

"फुटलं तर परत घालू. आपल्याला दुसरा उद्योग काय आहे?"

"सर, आपल्याकडे पैसेवाल्यांच्या पोरांना आपण हेच घालतो. मग इथल्यांना स्वस्तातलं का?"

"स्वस्तातलं नाही, बाई. सोयीचं."

"कोणाच्या सोयीचं?"

सरांनी कप खाली ठेवला. "तुझ्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. काढायला कटर आहे ना? जनरेटर चालू आहे ना? मग घाल. पुढच्या मंगळवारी तूच काढ."

कटर म्हणजे थरथरत्या पात्याची विजेवरची लहान करवत. तिने प्लास्टर कापलं जातं, कातडी नाही. कटर होता, जनरेटर होता, मंगळवार ठरलेला होता. तिचं म्हणणं चुकीचं आहे असं त्या वेळी कोणीच म्हणालं नसतं.

पाऊल त्या दिवशी फार छान वळलं. फिजिओने ते धरलं, सरांनी पट्टी गुंडाळली. बाळ आईचं बोट चोखत पडून होतं. आता एक गोष्ट सांगायची राहिली होती: हे भिजवू नका, आहे तसं घेऊन या. पण दुभाषी पलीकडच्या टेबलाशी अडकला होता. एका बाळाचे आजोबा प्लास्टर घालूच देत नव्हते आणि तो त्यांची समजूत काढत होता. हा दुभाषी त्याच गावचा. फिजिओच्या शहरात कॉलेजात शिकलेला, त्यामुळे तिची भाषा चांगली बोलायचा, फक्त सगळ्यांना आपण म्हणायचा. केंद्राच्या दारातल्या कुत्र्यालाही तो "आपण जरा बाजूला व्हावं" म्हणे.

फिजिओने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं, मान हलवली, दोन्ही हातांनी नाही-नाहीची खूण केली. हिरव्या स्वेटरने बादलीकडे पाहिलं, प्लास्टरवर टकटक करून पाहिलं आणि हसून मान डोलावली. तिला काय समजलं ते कोणी विचारलं नाही. बाळ पाठीशी बांधून ती निघाली. ओढा ओलांडून घरी पोचायला तिला दुपार व्हायची.

शनिवारी सामान बांधायला तासभर मिळाला. फिजिओने कटर कपाटातून काढून केंद्राच्या सिस्टरच्या हातात दिला आणि एका जुन्या प्लास्टरच्या तुकड्यावर कसा धरायचा ते दाखवलं. सिस्टरने तो दोनदा चालवून पाहिला. जीप सुरू झाली तेव्हा फिजिओ खाली उतरली.

"सर, मी थांबते. मंगळवारपर्यंत. एकच तर आहे."

"पूल मंगळवारी उघडेल असं तुला कोणी सांगितलं?"

"नाही उघडला तर..."

"नाही उघडला तर तू इथे आणि ती तिथे. मग थांबून करणार काय, नदीकडे बघत बसणार? चल. तुझ्यापायी बाकीच्यांची जीप अडेल."

दुभाषी खिडकीशी आला. "आपण काळजी करू नये. पलीकडे माझ्या ओळखीचा किराणा दुकानदार आहे. त्याचा फोन लागतो, कधी कधी."

फिजिओ रविवारी घरी पोचली. आईने दार उघडलं, बॅग आत घेतली आणि आधी मुलीच्या चेहऱ्याकडे आणि मग चपलांच्या चिखलाकडे पाहिलं.

"लवकर आलीस."

"हाकललं."

"बरं झालं. इथले चार गुडघे तुझी वाट बघतायत. वरच्या मजल्यावरच्या काकू रोज विचारतात, तुमची लेक परदेशातलीच हाडं बघणार का म्हणून."

जेवताना फिजिओने सगळं सांगितलं. आईने भात वाढला. शेवटी म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकराला एकदा हात लावला की झोप गेलीच म्हणून समज. आता घास तरी नीट खा."

सोमवारी दुभाष्याचा फोन आला. तो आणि सिस्टर कटर पिशवीत घालून पुलावर जाऊन आले होते.

"शिपायाने विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, करवत. माझंच चुकलं. औषध म्हणायला हवं होतं."

"मग?"

"त्याने पिशवी उघडली, वायर पाहिली, वरच्या माणसाला बोलावलं. सिस्टरने खूप सांगितलं, बाळाचा पाय आहे, प्लास्टर आहे. तो म्हणाला, बाळाला इकडे आणा. आम्ही म्हटलं, मग तिला सोडा. तो म्हणाला, तिकडून कोणाला सोडायचं नाही. आपणच सांगा, यावर काय बोलणार? कटर परत दिला हेच नशीब."

"दुकानदार?"

"फोन लागत नाही. पुन्हा लावतो."

लागला तो मंगळवारी दुपारी. फिजिओ तेव्हा इस्पितळात एका निवृत्त मास्तरांचा खांदा फिरवत होती. मास्तरांना हात खांद्यापर्यंत वर धरून ठेवायला सांगून ती जिन्यात गेली. दुभाषी नेहमीपेक्षा हळू बोलत होता. हिरवा स्वेटर दुकानात आली होती. पूल बंद आहे हे तिला माहीत होतं, पण पूल आज ना उद्या उघडेल, आपली तयारी असावी, म्हणून तिने सोमवारी संध्याकाळी बाळाचा पाय नेहमीसारखा कोमट पाण्यात ठेवला. प्लास्टर सुटेना. तिने पाणी बदललं, अजून थोडं गरम घेतलं. रात्री उशिरापर्यंत ती टोक शोधत होती. टोक सापडलं नाही. सकाळी बाळ पाय हलवू देईना. बोटं फुगल्यासारखी दिसतात. आता पुढे काय करू, असं तिने विचारलं होतं.

"बोटांचा रंग कसा आहे? दाबल्यावर परत लाल होतात का?"

"मी हे विचारलं. दुकानदार म्हणतो, मला कळत नाही, बोटांसारखी बोटं आहेत."

"त्याला फोटो काढायला सांगा."

"सांगितलं. त्याचा फोन फोटोचा नाही."

फायबर पाण्याने बिघडत नाही. बिघडतो तो आतला कापूस. एकदा भिजला की वरून वाळत नाही, आणि त्याच्याखाली बाळाची कातडी ओलीच राहते. फिजिओला हे माहीत होतं. हिरव्या स्वेटरला माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिने शिकवलं तसं केलं होतं.

फिजिओने सरांना फोन केला. सर त्यांच्या दवाखान्यात होते. मागे एक मूल रडत होतं.

"सर, पत्रा कापायची कात्री. कोणाकडे तरी असेलच. बोटांकडून सुरुवात करून, वरच्या बाजूने, एका वेळी बोटभर कापत..."

"कोण कापणार?"

"ती. किंवा तो दुकानदार."

"तू केलंयस कधी कात्रीने?"

"एकदा. वीज गेली होती तेव्हा."

"कोणावर?"

"मोठ्या माणसावर."

"हं. मी समोर असतो तर केलं असतं, घाम फुटला असता पण केलं असतं. फोनवरून, मध्ये दोन माणसं, आणि कात्री पत्र्याची. खालचं पातं कुठे शिरतंय ते दिसत नाही गं. बाळाची मांडी आहे ती. मी नाही सांगणार. आणि तूही सांगू नकोस."

"मग काय करायचं?"

"पूल उघडायची वाट बघायची. दुसरं काय आहे आपल्या हातात?"

ती खोलीत परतली तेव्हा मास्तर हात वर धरूनच बसले होते. "बाई, मी शाळेत पोरांना अशी शिक्षा द्यायचो," ते म्हणाले. "आज ते फिटलं."

संध्याकाळी ती बस आगारात गेली. भिंगरी तिथे चौकशीच्या खिडकीत बसते. लग्न झालं, दोन मुलं झाली, अंगाने भरली, तरी नाव भिंगरीच राहिलं. डावा हात कोपरात अजून वाकडा आहे. तो ती टेबलावर पसरून ठेवते आणि त्याच्यावर वेळापत्रक टेकवते.

"आली आमची जगदुद्धारक," खिडकीतून ती म्हणाली. "माझा हात वाकडा म्हणून तू देशोदेशी फिरणार. निदान तिकिटात अर्धा वाटा तरी देत जा."

फिजिओ हसली नाही तेव्हा भिंगरीने खिडकीवर 'पाच मिनिटं' लिहिलेली पाटी लावली आणि तिला आत बोलावलं. एक माणूस काचेवर टकटक करत राहिला. "अहो, पाच मिनिटं म्हटलंय ना! गाडी काय पळून जाते? ती येतच नाहीये," भिंगरी ओरडली आणि स्टूल पुढे सरकवलं.

फिजिओने सांगितलं. शेवटी म्हणाली, "तिला स्वस्तातलं नको, असं मला वाटलं होतं. साधं घातलं असतं तर कालच सुटलं असतं."

"हो."

"ते शिंपले तू हातावर बांधलेस, ते मला अजून दिसतात."

"कुठले शिंपले?"

"माझं प्लास्टर. रिबीन बांधून फिरत होतीस."

भिंगरीला आठवायला थोडा वेळ लागला. मग ती मोठ्याने हसली. "अगं, त्याच्यावर चित्रं होती! एक मासा होता, टोपीवाला. मला तो हवा होता. तुला काय वाटलं, मी हात सरळ करत होते?"

फिजिओने त्या वाकड्या कोपराकडे पाहिलं.

"हात वाकडा राहिला तो राहिलाच," भिंगरी म्हणाली. आता ती हसत नव्हती. "त्याचा राग मला नाही असं नाही. केस बांधताना अजून येतो. पण तो तुझ्यावर नव्हता कधी. तू काय, शेंबडी पोर होतीस."

"आता मी शेंबडी पोर नाही. सांगू का तिला कात्रीचं? की गप्प बसू?"

"मला नको विचारूस. मी दिवसभर लोकांना गाडी कधी येईल ते सांगते. तेही खोटं निघतं." तिने पाटी काढली. काचेपलीकडचा माणूस अजून उभा होता. "बोला," ती त्याला म्हणाली.

त्या रात्री फिजिओने घरातल्या जुन्या डब्याचा पत्रा आणि बाबांची कात्री घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर कापून पाहिलं. आई दारात येऊन उभी राहिली, मग मोठा दिवा लावून गेली. पत्र्याखाली तिने ओला टॉवेल ठेवला होता. पहिल्यांदा टॉवेल कापला गेला. दुसऱ्यांदाही. खालचं पातं जरा वर उचलून, एका वेळी नखाएवढंच कापत गेलं तर टॉवेल वाचत होता. किती वेळ लागेल याचा अंदाज येईना. बाळ हलणार हेही खरं होतं. पण पद्धत सापडली होती. ती तिने मनात साध्या वाक्यांत बसवून ठेवली, दुभाष्याला एका दमात सांगता येईल अशी. बोटांच्या बाजूने सुरू. वरून, बाजूने नाही. पात्याखाली आधी चमच्याची दांडी सरकवा. बाळ रडलं तर थांबा. रक्त दिसलं तर सोडून द्या.

बुधवारी उजाडताच तिने फोन लावला. सरांना तिने कळवलं नाही.

दुभाष्याने सगळं ऐकून घेतलं, एकदा परत म्हणून दाखवलं आणि दुकानदाराला लावतो म्हणाला. पाऊण तासाने त्याचा फोन आला.

"लागला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, कात्री आहे, माझ्याच दुकानात विकायला टांगली आहे."

"मग?"

"ती नाही. पहाटे बाळाला घेऊन निघाली."

"कुठे?"

"नदीच्या काठाने खाली. तिकडे कोणाची तरी होडी रात्री माणसं अलीकडे सोडते असं तिने ऐकलं होतं. काल संध्याकाळी तिने दुकानदाराला विचारलं होतं, तिकडून काही निरोप आला का? तो म्हणाला, नाही आला. म्हणून ती निघाली."

"होडी आहे का खरंच?"

"आपल्याला खोटं सांगत नाही. मला माहीत नाही."

"दुकानदाराला कोणाला तरी मागे पाठवायला सांगा. कात्री घेऊन. पायी गेली आहे, गाठता येईल."

"मी हेच म्हणत होतो, तेवढ्यात लाइन तुटली. तेव्हापासून लागत नाही."

गुरुवारी फोन लागला नाही. शुक्रवारी दुभाषी स्वतः नदीकाठाने खाली चालत गेला आणि संध्याकाळी परत आला. होडी त्याला दिसली नाही. एका वळणावर जाळं सुकत टाकणाऱ्या माणसाने सांगितलं की होडी होती, आदल्या दिवशी शिपायांनी ती ओढून नेली. बुधवारी रात्री होडीने कोणाला आणलं का, हे त्याला माहीत नव्हतं. हिरवा स्वेटर घातलेली बाई त्याने पाहिली नव्हती. पाहिली असती तरी अंधारात रंग कसा कळणार, असं तो म्हणाला.

फिजिओ रोज कामावर जाते. शुक्रवारी मास्तरांचा हात खांद्याच्या वर गेला. सरांचा एकदा फोन आला. काही कळलं का, त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली. कात्रीबद्दल त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी सिस्टरने दुभाष्यामार्फत निरोप दिला. पूल बंद आहे. कटर तिने कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे आणि जनरेटरमध्ये डिझेल भरलं आहे. शिबिर नसलं तरी बाहेरच्या बाकावर आज तीन आया बाळांना घेऊन बसल्या आहेत. तिघींनीही घरीच प्लास्टर भिजवून सोडवून आणलं आहे. पलीकडून अजून कोणी आलेलं नाही.